पहिल्या दीड मिनिटाची थरथर

रात्रभर उभी राहिलेली जुनी स्पोर्ट्स कार सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, काही क्षण ठीक चालते, मग थरथरू लागते, आरपीएमचा काटा खालीवर होतो आणि मिनिट-दीड मिनिटात सगळे आपोआप शांत होते. या तक्रारीवर मालकांच्या दोनच प्रतिक्रिया मी पाहिल्या आहेत. काही जण ‘तापली की बरी होते’ असे म्हणून विषय सोडून देतात, तर काही जण थेट सुट्या भागांची यादी काढून पैसे मोजायला बसतात. माझे मत असे आहे की या दोन्हींच्या आधी मोबाइलचे घड्याळ चालू करून थरथर कोणत्या सेकंदाला सुरू होते आणि कोणत्या सेकंदाला संपते, हे लिहून ठेवावे, कारण निम्मे निदान त्या दोन आकड्यांतच असते.

माझ्याकडे २००३ सालची पोर्शे बॉक्स्टर आहे. १९९६ ते २००४ या काळात निघालेल्या ९८६ या पिढीतील ती आहे आणि तिचे इंजिन २.७ लिटरचे, सपाट सहा सिलिंडरांचे आहे. हे इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असल्यामुळे बॉनेट उचलून आत डोकावण्याची सोय नाही. पुढचे झाकण उघडले तर सामान ठेवायची जागा दिसते आणि मागचे उघडले तरी तेच दिसते, फक्त तिथे ऑइल आणि कूलंट भरायची टोपणे असतात. इंजिन प्रत्यक्ष पाहायचे तर कापडी छत अर्धवट उचलून, आसनांमागचा गालिचा काढून, खालचे पत्र्याचे झाकण सोडवावे लागते. म्हणूनच या गाडीत आधी विचार आणि मग पाना, हा क्रम पाळणे परवडते. पुढे जे लिहीत आहे ते वयाचे आजार आहेत. वीस वर्षे इंजिनाची धग सोसलेले रबर आणि प्लॅस्टिक कोणत्याही कंपनीच्या गाडीत असेच वागते.

गाडीचे वागणे पुढीलप्रमाणे होते. थंड इंजिन लगेच सुरू होई आणि काटा ११०० च्या आसपास थांबे. त्याच वेळी सेकंडरी एअर पंपाची घरघर ऐकू येई. हा पंप थंड सुरुवातीनंतर थोडा वेळ एक्झॉस्टमध्ये हवा ढकलतो, जेणेकरून तिथे उरलेले इंधन जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा. अनेकांना ही घरघर म्हणजेच बिघाड वाटतो, पण तो बिघाड नव्हे. दहा-बारा सेकंदांनंतर आसनाच्या पाठीतून थरथर जाणवू लागे, काटा ६०० ते ९०० मध्ये हेलकावे खाई, आणि साधारण दीड मिनिटाने तो ७०० च्या आसपास स्थिर होई. त्यानंतर पन्हाळ्याचा चढ चढून परत येईपर्यंत कसलीही तक्रार नसे, आणि तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले तरी थरथर नसे.

दुसऱ्या शहरातील एका वर्कशॉपने या वर्णनावरून आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या सहाही कॉइल आणि हवेची झडप असलेली थ्रॉटल बॉडी बदलण्याचा सल्ला दिला होता. गाडीला स्कॅनर लावण्याआधीच ही यादी तयार झाली होती, त्यामुळे ती मी बाजूला ठेवली.

आता त्या सेकंदांचा अर्थ पाहू. इंजिन सुरू झाल्याबरोबर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, काही सेकंद जाणूनबुजून जास्त पेट्रोल देतो, कारण थंड धातूवर पेट्रोलचा काही भाग नुसताच चिकटून राहतो आणि त्याची वाफ होत नाही. हे जादा पेट्रोल नंतर हळूहळू कमी केले जाते. दुसरीकडे, मिश्रणात पेट्रोल कमी की जास्त हे सांगणारा एक्झॉस्टमधील लँब्डा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट बोलतच नाही. तोवर ईसीयू आधी ठरलेल्या आणि शिकलेल्या आकड्यांवरच विसंबून असतो. म्हणजे सुरुवातीचे जादा पेट्रोल ओसरलेले आहे, पण सेन्सर अजून जागा झालेला नाही, असा एक मधला काळ येतो, आणि माझी गाडी नेमकी त्याच काळात थरथरत होती. त्यावरून मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे, म्हणजे मिश्रण लीन आहे, असा संशय घ्यायला भक्कम आधार मिळतो.

याउलट थरथर पहिल्याच सेकंदापासून असती आणि वीस-तीस सेकंदांत विरली असती, तर मी इंजेक्टरकडे पाहिले असते. रात्रभर ठिबकणारा इंजेक्टर एक सिलिंडर पेट्रोलने भिजवून ठेवतो आणि सकाळी काळा धूर व पेट्रोलचा वास देतो. सेल्फ बराच वेळ मारावा लागत असता, तर फ्युएल लाइनमधील दाब रात्रीत उतरतो का हे मोजले असते. सुरू होताच पांढऱ्या वाफेसह थरथर आणि त्यासोबत कूलंटची पातळी दर आठवड्याला खाली, असे असते तर ते प्रकरण गंभीर होते. सपाट इंजिनात मात्र निळसर धुराचा एखादा भपका क्षम्य मानावा, कारण सिलिंडर आडवे असल्यामुळे थोडे ऑइल तिथेच साचून राहते. आणि थरथर इंजिन तापल्यावरही गेली नसती, तर लीन मिश्रणाचा हा सगळा तर्क सोडून कॉइल, प्लग आणि कॉम्प्रेशनकडे वळावे लागले असते.

बॅटरी आणि अर्थिंग तपासून घेतले, ते ठीक होते. या गाडीत बॅटरीची तार सोडली की थ्रॉटलने शिकलेली स्थिती पुसली जाते. त्यामुळे पुन्हा जोडल्यावर अॅक्सिलरेटरला पाय न लावता इग्निशन मिनिटभर चालू ठेवावे, दहा सेकंद बंद करावे आणि मगच सेल्फ मारावा; हे न केल्याने आलेली खराब आयडलिंग लोक उगाच दुसऱ्या बिघाडाच्या नावावर लावतात.

स्कॅनर लावल्यावर मी सर्वांत आधी मिसफायरची, म्हणजे चुकलेल्या ज्वलनांची, सिलिंडरवार मोजणी पाहिली. ती एका सिलिंडरवर साठलेली नसून सहाही सिलिंडरांत थोडीथोडी विखुरलेली होती. ज्यांना ही मोजणी एकाच सिलिंडरवर दिसेल त्यांनी त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावी. मिसफायर कॉइलसोबत सरकला तर गुन्हेगार सापडला आणि खर्च एका कॉइलचा झाला. माझ्या बाबतीत मात्र सहा कॉइल एकाच वेळी सारख्याच प्रमाणात आजारी पडल्या असे मानणे अवघड होते.

त्यानंतर फ्युएल ट्रिम पाहिली. ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देत आहे, हे तो आकडा सांगतो. तापलेल्या इंजिनावर, आयडलिंगला दोन्ही बँकांवर (प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरांच्या गटावर) ट्रिम अधिक १५ च्या आसपास होती, आणि २५०० आरपीएमला ती अधिक ७-८ वर येत होती. हा उतार फार बोलका आहे. मोजली न जाणारी हवा फटीतून आत शिरत असेल तर आयडलिंगला, जेव्हा इंजिन मुळातच थोडी हवा घेते, तिचा वाटा मोठा ठरतो, आणि रेस वाढवल्यावर तीच हवा नगण्य होते. पेलाभर दुधात पळीभर पाणी पडले तर जिभेला कळते, कॅनमध्ये पडले तर कळत नाही, तसेच हे आहे. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दमलेला असता तर उलट घडले असते, म्हणजे रेस वाढवल्यावर ट्रिम वाढली असती. दोन्ही बँकांचा आकडा जवळपास सारखा असल्यामुळे फट एका बाजूच्या इनटेक रबरात नसून दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या ठिकाणी असावी, हेही कळले.

तरीही २५०० आरपीएमला उरणारे ते सात-आठ टक्के मला स्वस्थ बसू देत नव्हते, आणि त्यांचे उत्तर आपल्याच शिवारात निघाले. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलच्या एका किलोला सुमारे ९ किलो पुरते. पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्यामुळे त्याचे प्रमाण साधारण १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ईसीयूला आकारमानाने सात-आठ टक्के जास्त इंधन द्यावे लागते, आणि ते सर्व आरपीएमना सारखेच द्यावे लागते. माझा आकडा याच्याशी जुळत होता. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. शिवाय इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता खर्ची पडते, त्यामुळे थंड इंजिनात त्याचा त्रास आणखी जाणवतो. ज्या जिल्ह्यात उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल बनते तिथे राहून त्याला नावे ठेवणे मला जमणार नाही, पण जुन्या गाडीच्या मालकाने ट्रिम वाचताना हे सात-आठ टक्के आधी वजा करावेत, नाहीतर तो नसलेली फट शोधत बसेल. माझ्या गाडीत ते वजा केल्यावरही आयडलिंगला तेवढेच टक्के उरत होते, आणि ते फटीचेच होते.

फट शोधण्यासाठी अनेक मेस्त्री कार्ब क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का ते पाहतात. मागे दडवलेल्या, तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील फवारा मारणे मला मान्य नाही. त्याऐवजी मी इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचे टोपण उघडले. क्रँकशाफ्ट ज्या पोकळीत फिरतो त्या क्रँककेसमधील हवा इंजिन इनटेकमध्ये ओढून घेते, म्हणून तिथे नेहमी थोडे व्हॅक्यूम असते, त्यामुळे टोपण उघडताच निरोगी इंजिन अडखळते. माझे इंजिन जवळपास तसेच चालत राहिले, म्हणजे हवा क्रँककेसमध्ये आधीच कुठून तरी जात होती.

ते व्हॅक्यूम मोजायचे ठरवले आणि एक जादा टोपण घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथवाल्या मेस्त्रींनी टोपणाला छिद्र पाडून पितळी निपल बसवून दिले आणि विचारले, “काय साहेब, टोपणाला भोक पाडून डॉक्टरकी करायला लागलाय का?” त्या निपलला गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी जोडली, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवले, फळीवर तिला इंग्रजी ‘यू’सारखा बाक दिला, मागे इंचपट्टी चिकटवली आणि नळीत निळीचे दोन थेंब टाकलेले पाणी भरले. नळीचे दोन्ही उभे भाग चांगले उंच ठेवावे लागतात, नाहीतर व्हॅक्यूम जास्त निघाल्यास पाणी थेट इंजिनात जाईल. या इंजिनात दोन्ही बाजूंच्या पाण्यातील फरक पाच इंचांच्या आसपास असावा. ऑइल आणि हवा वेगळी करणाऱ्या सेपरेटरचा पडदा फाटला असेल तर फरक त्याच्या खूप वर जातो, सोबत एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात आणि चालू इंजिनावर टोपण ओढूनही निघत नाही. माझ्याकडे इंजिन सुरू केल्यावर निळे पाणी जेमतेम इंचभर हलले आणि तिथेच थरथरत राहिले.

आता शोधायची जागा एवढीशी उरली होती. मागच्या डिकीतील ऑइलच्या तोंडापासून क्रँककेसपर्यंत जाणारी एक प्लॅस्टिकची नळी आहे, आणि तिचा मधला भाग वाकता यावा म्हणून घड्यांचा केलेला आहे. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहिले तेव्हा वरून ती धडधाकट दिसली. बोटाने किंचित दाबल्यावर मात्र खालच्या बाजूच्या दोन घड्यांमधील खाच ओठांसारखी उघडली. कडा कोरड्या आणि करड्या पडल्या होत्या, आणि तिच्या खालच्या धातूवर ऑइल व धूळ मिळून झालेला काळा थर होता, म्हणजे चीर काही कालची नव्हती.

नवीन नळी मागवण्याआधी निदान पक्के करणे आवश्यक होते, म्हणून भाग पुसून त्यावर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप घट्ट गुंडाळली. पाण्यातील फरक लगेच पाच इंचांवर गेला. टोपण उघडले तर इंजिन जवळजवळ बंद पडले. काही दिवस गाडी चालवल्यावर आयडलिंगची ट्रिमही अधिक ७-८ वर आली, म्हणजे दोन्ही आकडे एका पातळीला आले आणि उरला तो फक्त इथेनॉलचा हिशेब. सकाळची थरथर गेली. अगदी गारठ्याच्या दिवशी काटा एकदा किंचित दबतो, आणि तेवढे मी ई-२० च्या खात्यावर टाकले आहे.

नवीन नळी आली आणि बसली. ती बसवताना सेपरेटरही बदलून घ्यावा असा आग्रह झाला होता, पण पाणी पाच इंचांवर असताना चांगला भाग काढून टाकण्याचे कारण मला दिसले नाही; दर सर्व्हिसिंगला निपलचे टोपण आणि पाण्याची नळी लावून पाहिले की तो कधी थकतो ते आधीच कळेल. कॉइलचे प्लॅस्टिक मात्र वयानुसार तडकते, आणि कोल्हापूरच्या जुलैतील दमट हवेत अशा तड्यांतून ठिणगी भलतीकडे पळते. त्यामुळे पावसाळ्यात थरथर पुन्हा आली आणि या वेळी मिसफायरची मोजणी एकाच सिलिंडरवर साठली, तर मी टोपण उघडण्याच्या भानगडीत न पडता आधी कॉइलपर्यंत पोहोचण्यासाठी त्या बाजूचे मागचे चाक काढीन.