हात सुधारला, पण…

कंपवाताच्या (पार्किन्सन्स) या रुग्णाच्या तपासणीत बोट ठेवायला जागा नव्हती. बोटांची उघडझाप मोकळी, मनगटातला ताठरपणा जेमतेम, चालताना उजवा हात पुन्हा झुलू लागलेला. औषध प्रामिपेक्सोल, म्हणजे मेंदूत डोपामाइनची नक्कल करणारी गोळी (डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट), दिवसाला ३ मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून. आधीच्या कागदांवर दर भेटीला कंपाचे गुण टिपलेले, पण पैसा, खरेदी, झोप यांबद्दल एक ओळ नाही. कंपवाताच्या बाह्यरुग्ण विभागात हे नेहमीचंच: हात पाहायचा आणि माणूस सोडून द्यायचा.

ते बाहेर गेल्यावर पत्नी मागे थांबल्या. "डॉक्टर, हे रात्रभर मोबाइलवर पैसे लावतात. आधी पत्त्यांना हात लावत नसत." जुगार-खर्चाचा प्रश्न घरच्यांना वेगळा विचारावाच लागतो, रुग्णाकडून बहुधा 'तसं काही नाही' एवढंच येतं. त्यांच्या दृष्टीने ते खोटंही नसतं.

कंपवातात स्ट्रायटममधलं, म्हणजे मेंदूच्या खोल भागातल्या एका केंद्रातलं, डोपामाइन हे संदेशवाहक रसायन सगळीकडे सारखं घटत नाही. त्यातल्या हालचाल सांभाळणाऱ्या पुटामेनचा मागचा भाग आधी कोरडा पडतो, म्हणून हालचाल मंदावते. खालचा न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणारा भाग, त्या मानाने बराच शाबूत असतो. हाताला जेमतेम पुरणारा डोस तिथे जास्त होतो. त्यात प्रामिपेक्सोलचा ओढा डी-३ रिसेप्टरकडे (डोपामाइन जिथे चिकटतं अशा जागांचा एक प्रकार), आणि त्यांची दाटी नेमकी तिथेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट गटातली औषधं घेणाऱ्या १७.१ टक्के लोकांत जुगार, खरेदी, कामेच्छा किंवा खाणं हाताबाहेर गेलेलं आढळलं. न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. इतकं माहीत असूनही चिठ्ठी देताना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

गोळी एकदम तोडता येत नाही. घाबरेपणा, घाम, गोळीचीच तल्लफ सुरू होते आणि लेव्होडोपा (शरीरात डोपामाइन बनणारं, कंपवाताचं मुख्य औषध) वाढवूनही ती शमत नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवली, आणि हालचालीसाठी १ मिलिग्रॅमच्या जागी साधारण १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा या हिशेबाने भरपाई केली. बँकेचे व्यवहार पत्नींकडे दिले.

०.७५ मिलिग्रॅमवर जुगार थांबला. पण आता ते खिडकीशी बसून राहतात, कशातच मन नाही. "थोडी तरी वाढवून द्या, तेव्हा बरं वाटायचं," म्हणतात. ही गोळी सुटण्याची कळ, की गोळीने इतके दिवस झाकलेली आजाराचीच उदासी? पहिली असेल तर उतरवण्याचा वेग कमी करायचा. दुसरी असेल तर थांबून उपयोग नाही, तिच्यावर वेगळा उपचार हवा. तूर्त ०.३७५ची पायरी रोखून ठेवली आहे.