फलटण ते रास्ता पेठ : बाळाच्या निदानासाठी पुण्याच्या दोन फेऱ्या

बाळ जन्मापासून अंगानं सैल. उचललं की ओल्या पंच्यासारखं दोन्ही हातांतून लोंबायचं. रडणं इतकं बारीक की पलीकडच्या खोलीत ऐकू येत नसे. अंगावर ओढत नाही म्हणून दूध काढून बोंडल्यानं पाजायचे. एका वेळेला पाऊण तास. "अशक्त आहे, धरेल अंग," सगळे म्हणायचे. कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) तपासणी केली, नॉर्मल आली, आणि आम्ही दोन महिने निर्धास्त बसलो. ते दोन महिने मला अजून टोचतात.

शेवटी पुण्याला जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे निघालो. पहाटेची एसटी, दिवे घाटात एक पाजणं, स्वारगेटहून रास्ता पेठेपर्यंत रिक्षा.

डॉक्टर आधी बाळाकडे नुसतं बघत राहिले. अरुंद कपाळ, बदामी डोळे, इवलेसे तळवे. मग कागदावर आमचं घराणं काढलं, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, तीन पिढ्या. नात्यातलं लग्न आहे का? कुणाचं मूल लहानपणी गेलं का? मला तिथूनच सासूबाईंना फोन लावावा लागला. हे घरूनच लिहून न्या.

"प्रेडर-विली वाटतंय. मिथायलेशन तपासू," ते म्हणाले. प्रेडर-विली हा जन्मजात जनुकीय आजार, आणि मिथायलेशन म्हणजे जनुकं चालू की बंद ठेवणाऱ्या खुणा. 15व्या क्रोमोसोमवरच्या एका भागातली काही जनुकं फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरच चालू असतात. अशा बहुतेक बाळांत वडिलांकडच्या प्रतीतला तेवढाच तुकडा गळालेला असतो, मग आईकडची प्रत असून भागत नाही. तुकडा इतका लहान की साध्या कॅरिओटाइपमध्ये सहसा दिसत नाही. मिथायलेशनमध्ये हा आजार असलेल्या 99 टक्क्यांहून जास्त बाळांचं निदान होतं. म्हणून पैसे भरण्याआधी विचाराच : या तपासणीतून काय कळतं आणि काय सुटतं?

रक्तासाठी बाळाला उपाशी ठेवू नका. डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट आणि पाजतानाचा, रडतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा. फिजिओथेरपीला रिपोर्टची वाट बघू नका.

रिपोर्ट आणायला सासूबाईंना मुद्दाम नेलं. "तुझ्या माहेरचंच असणार," असं त्या म्हणत आल्या होत्या. तुकडा आपोआप गळाला, कुणाचा दोष नाही, पुढच्या बाळात पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि बाळ माझ्याकडून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

आज न पिणाऱ्या या मुलांना पुढे काही वर्षांनी न थांबणारी भूक लागते, म्हणून वजनाची वही आत्तापासूनच घाला. ग्रोथ हार्मोनच्या उपचारासाठी एंडोक्रिनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या डॉक्टरांची) वेळही त्याच दिवशी मागा. एक फेरी वाचते.