फलाट आखूड पडले, म्हणून संग्रहालय झाले

पॅरिसला आलेले पाहुणे म्युझे दोर्से म्हणजे ओर्से कलासंग्रहालयात शिरले की थेट पाचव्या मजल्याकडे धावतात, कारण मोने आणि रन्वार या चित्रकारांची चित्रे तिथे आहेत. आधी तळमजल्यावर थांबून वर पाहा. 138 मीटर लांब, 40 मीटर रुंद आणि 32 मीटर उंच असा हा हॉल 1900च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या रेल्वे स्टेशनाचा आहे. वास्तुविशारद व्हिक्टर लालू. नदीपलीकडे लूव्र राजवाडा असल्यामुळे इथे उघडे लोखंड शोभले नसते, म्हणून पोलादी सांगाड्यावर बाहेरून दगड चढवला.

गाड्या विजेवर चालणार होत्या म्हणूनच हा हॉल असा बांधता आला. पॅरिसमधल्याच ऑस्टरलित्झ स्टेशनात वाफेचे इंजिन सुटायचे, विजेचे जोडायचे आणि गाडी सेन नदीच्या काठाने बोगद्यातून इथे यायची. धूर नाही, म्हणजे डोक्यावर काच चालते आणि इमारतीतच 370 खोल्यांचे हॉटेलही चालते.

पुढे विजेनेच घात केला. विद्युतीकरण लांबपर्यंत गेले, गाड्यांचे डबे वाढले आणि फलाट आखूड पडू लागले. भर शहरात ते वाढवणार कुठे? 1939नंतर इथे फक्त उपनगरी गाड्या राहिल्या. 1945मध्ये जर्मनीतून परतणाऱ्या युद्धकैद्यांचे स्वागतकेंद्र इथे होते. 1958मध्ये हॉटेलच्या दिवाणखान्यात फ्रान्सचे नेते जनरल द गॉल यांनी पत्रकार परिषद घेऊन सत्ता हाती घेण्याची तयारी जाहीर केली. सत्तरच्या दशकात नाटकमंडळी आली, लिलाववालेही आले. पाडून नवे हॉटेल बांधायचा बेत पुढे सरकला होता, पण 1971मध्ये ले आल बाजाराचे लोखंडी मंडप पाडल्यामुळे शहर हळहळत होते. त्या हळहळीने ओर्से वाचले, असे माझे मत आहे. 1973मध्ये इमारतीला संरक्षण मिळाले, 1977मध्ये संग्रहालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबर 1986मध्ये दारे उघडली. आतली रचना इटलीच्या गाए आउलेन्ती यांची.

स्टेशनाचा उजेड संग्रहालयाला जसाच्या तसा परवडत नाही. दगड आणि ब्राँझ ऊन सोसतात, म्हणून काचेच्या छताखाली शिल्पे मांडली आहेत. पेस्टल म्हणजे रंगीत खडूने काढलेले चित्र; त्याचा रंग कागदावर सैल बसतो आणि कागद उजेडाने खराब होतो, त्यामुळे ती चित्रे मंद दिव्यांच्या खोल्यांत असतात आणि अधूनमधून बदलतात. आवडते पेस्टल भिंतीवर नसेल तर ते बहुधा विश्रांतीला गेले आहे असे समजा. दुसरी काळजी नदीची. जून 2016मध्ये सेनला पूर आला तेव्हा संग्रहालय बंद ठेवून खालच्या भागातल्या कलाकृती हलवाव्या लागल्या.

रेल्वे मात्र अजून गेलेली नाही. आरईआर सी या उपनगरी रेल्वेमार्गाच्या गाडीने आलात तर जमिनीखालच्याच फलाटावर उतराल. सोमवारी संग्रहालय बंद असते. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते, तेव्हा सहानंतर गेलात तर गर्दी कमी लागते. मधल्या मजल्यावरचे रेस्टॉरंट जुन्या हॉटेलचेच आहे. तिथे जेवलात नाही तरी दारातून छत जरूर पाहा.