कान्हेरी: चैत्यावरून परत फिरू नका

मावशी साताऱ्याची. "मुंबईत कसलं आलंय जंगल" असं ती नेहमी म्हणते, म्हणून सप्टेंबरात तिला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेलं. सोमवारी उद्यान बंद असतं, आणि रविवारच्या गर्दीत माझा जीव रमत नाही, म्हणून मधलाच वार धरला. बोरिवली पूर्वेला उतरलो, फाटकावर तिकीट काढलं आणि आतल्या बसने थेट कान्हेरीची बौद्ध लेणी गाठली. अंतर सहा-सात किलोमीटरांचं. सायकली भाड्याने मिळतात, पण शेवटचा चढ दमवतो. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ते वेगळं काढावं लागतं.

बसमध्ये मावशी सारखी खिडकीतून बिबट्या शोधत होती. बिबटे आहेत, पण भरदुपारी ते आपल्यासाठी रस्त्यावर कशाला येतील? माकडं मात्र उतरताक्षणी भेटली. खाऊची पिशवी हातात ठेवू नका, सॅकमध्ये टाकून चेन लावा.

बहुतेक लोक ३ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, बघतात, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. चैत्यगृह आहेच देखणं. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेख तिथे आहे. पण खरी मजा वरच्या पायऱ्यांवर आहे. शंभरावर लेणी या डोंगरात आहेत आणि जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याचं टाकं. छतावरचं आणि कातळावरचं पाणी बारीक खोदलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरतं. पाऊस नुकताच संपत आला होता, त्यामुळे हे सगळं चालू स्थितीत बघायला मिळालं. मावशी टाक्याच्या काठावर बसली ती उठेचना. "आमच्याकडं टँकरची वाट बघायची, आणि ह्या भिक्खूंनी डोंगरावर पाणी धरलं," म्हणाली. मग पुढच्या प्रत्येक लेण्यात मूर्ती राहिली बाजूला, ती पन्हळ कुठून येते ते शोधत फिरली.

टाकी खोदायला पैसे कुणी दिले तेही काही ठिकाणी भिंतीवर ब्राह्मीत कोरलंय. दान देणाऱ्यांत कल्याणचे, सोपाऱ्याचे (आजचं नालासोपारा) लोक आहेत. म्हणजे आजच्या लोकलच्या टापूतलेच! ११ नंबरच्या दरबार लेण्यात दोन लांब, बुटके दगडी बाक समोरासमोर आहेत. तिथे बसून आम्ही थंडगार हवा खाल्ली. ९० नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेखही आहेत, पण तिथवर जायला मावशीचे गुडघे तयार नव्हते.

पायऱ्या कातळातल्याच, आणि शेवाळ्यामुळे निसरड्या. तळ झिजलेली चप्पल घालून येऊ नका. वर जाताना पुरतील इतक्या पाण्याच्या बाटल्या आधीच भरून घ्या. टाक्यातलं पाणी प्यायचं नाही, ते फक्त बघायचं. वरून एका बाजूला हिरवं रान आणि पलीकडे बोरिवलीचे टॉवर दिसतात. उतारावर कारवीची झुडपं होती, फुलं नव्हती. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते.

खाली आलो तर बसला मोठी रांग. आदिवासी बायकांकडून मीठ-मसाला लावलेली काकडी घेतली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या कुटुंबाला मावशीने विचारलं, "वरची टाकी बघितली का?" त्यांनी नाही म्हटल्यावर तिने त्यांना पन्हळींची सगळी कथा ऐकवली. बस आली तेव्हा ते कुटुंब रांग सोडून पुन्हा पायऱ्यांकडे निघालं आणि आम्हाला त्यांची जागा मिळाली.