अनुकूल आणि प्रतिकूल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो नववी 'ब'चा फळा. सरांनी त्यावर खडूने देवनागरीत लिहिलं होतं : 'फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन, लेंड मी युअर इअर्स.' आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं, उच्चारांची बोंब. आधी तोंडात बसू दे, स्पेलिंगचं मग बघू, असं सरांचं धोरण. अर्थ सांगून होतो न होतो तोच शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, कान उसने घेतोय, पण परत कधी देणार?" वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "देतच नाही तो. कसा देत नाही, तेच बघायचंय."

हे १९७६ साल. शेक्सपिअरचं 'ज्युलिअस सीझर' हे नाटक अभ्यासाला नव्हतं. गॅदरिंगमध्ये एक इंग्रजी प्रवेश करायचा, एवढंच ठरलेलं. तिसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश. सीझरचा खून झालाय, रोमच्या चौकात लोक जमलेत. आधी मारेकऱ्यांपैकी ब्रूटस बोलतो, मग सीझरचा मित्र अँटनी. फळ्यावरची ओळ त्याचीच. सरांची अट अशी की दोन्ही भाषणं सगळ्यांनी पाठ करायची. कोण कोणाचं काम करणार, ते गॅदरिंगच्या दिवशी सकाळी सांगणार. आम्हाला हा निव्वळ छळ वाटला.

पण त्या छळामुळे एक गोष्ट कळली, जी नुसतं वाचून कधी कळली नसती. ब्रूटस गद्यात बोलतो. मोजून मापून, हिशेबाच्या वहीसारखं. सीझरचं माझ्यावर प्रेम होतं म्हणून रडतो, तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून मारला. लोकांना पटतंसुद्धा. इतकं पटतं की गर्दीतला एकजण ओरडतो, यालाच सीझर करा! सरांनी तिथे तालीम थांबवली. "ज्या कारणासाठी माणूस मारला, तेच हे लोक परत मागतायत. यांना काय कळलं मग?" आम्ही गप्प.

अँटनी पद्यात. सर डस्टरने टेबलावर ठोके द्यायचे : आय कम टु बरी सीझर, नॉट टु प्रेज हिम. पाच ठोके. आमचे कान मनाच्या श्लोकांवर घडलेले, ऱ्हस्व-दीर्घ मोजणारे. इंग्रजीत मात्रा नाही, आघात मोजायचा, हे डोक्यात शिरायला आठवडा गेला. मग 'ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहे' हे वाक्य. अँटनी ते पुन्हा पुन्हा म्हणतो, शब्द तेच, आणि शेवटी ती शिवी होते. सीझरचं मृत्युपत्र दाखवतो, वाचत नाही. लोक अगदी हातघाईवर आल्यावर सांगतो, प्रत्येक रोमनाला पंचाहत्तर द्राख्मा. सीझरच्या झग्यातली भोकं दाखवत हे कॅशिअसचं, हे कास्काचं, हे ब्रूटसचं असं सांगत सुटतो. सरांनी विचारलं, "याला कसं माहीत? वार होताना हा तिथे होता का?" नव्हताच. त्याला आधीच बाहेर काढलेलं होतं. पुढे पाटबंधारे खात्यात तीस वर्षं चौकशीचे अहवाल वाचले, त्यात हा प्रश्न जितका कामी आला तितका दुसरा कुठला आला नाही.

कवितेतही सरांचा तोच खेळ. शेक्सपिअरची १५४ सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, १६०९ साली छापली गेली. सरांनी त्यातली दोन शेजारी शेजारी लिहिली, अठरावं आणि एकशेतिसावं. एकात प्रेमाच्या माणसाची उन्हाळ्याच्या दिवसाशी तुलना करू का, म्हणून कवी सुरुवात करतो. दुसऱ्यात, माझ्या बाईचे डोळे काही सूर्यासारखे नाहीत, केस तारांसारखे, श्वासालाही वास येतो! चंद्रमुखी आणि मृगनयना ऐकत वाढलेल्या पोरांना हे भलतंच आवडलं. बारा ओळी उणी काढून शेवटच्या दोन ओळींत तो म्हणतो, तरी ती कुणाहून कमी नाही. एकाच माणसाने उपमेची बाजूही मांडली आणि विरुद्ध बाजूही.

एका पालकांनी तक्रार केली, हा गोऱ्यांचा नाटककार पोरांच्या डोक्यात कशाला भरता? सरांनी शांतपणे सांगितलं, आपल्याच कराड तालुक्यातल्या टेंभूच्या आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' नावाने, १८८३ साली. डोंगरीच्या तुरुंगात होते तेव्हाही त्यावर काम करत होते. तक्रार तिथेच मिटली.

गॅदरिंगच्या सकाळी माझ्या वाट्याला ब्रूटस आला. मला अँटनी हवा होता. सगळ्यांनाच हवा असतो. 'आय पॉज फॉर अ रिप्लाय' म्हणून मी थांबलो. गर्दीने 'नन, ब्रूटस, नन' म्हणायचं होतं. गर्दी म्हणजे आमच्याच वर्गातली चौदा पोरं, समोर गाव बघून गारठलेली. शांतता. शेवटी प्रेक्षकांतून कुणाचे तरी आजोबा म्हणाले, "बरोबर हाय बाळा तुझं, चालू दे!"

२०१८ मध्ये मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो, तेव्हा शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड पाहिलं. त्याच्या जन्मघरापेक्षा मी जास्त वेळ त्याच्या शाळेत काढला. चर्च स्ट्रीटवर जुन्या गिल्डहॉलच्या माडीवर लाकडी तुळयांची लांबट खोली. तेव्हाच्या विद्यार्थ्यांची नोंदवही उरलेली नाही, पण तो इथेच शिकला असं मानतात. खालच्या मजल्यावर नाटकमंडळ्या खेळ करायच्या. १५६९ साली त्यांना नगराच्या तिजोरीतून पैसे दिल्याची नोंद आहे, आणि तेव्हा नगरप्रमुख होते त्याचे वडील, हातमोजे शिवणारे जॉन. त्या काळच्या शाळांत पहाटेपासून लॅटिन घोटून घ्यायचे. एरॅस्मस नावाच्या विद्वानाच्या पुस्तकात एकच वाक्य शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवलेलं. तसं मुलांनी करायचं. आणि एकच विषय घेऊन आधी त्याच्या बाजूने बोलायचं, मग विरुद्ध.

हे ऐकलं आणि मी बाकावर बसलोच. म्हणजे आमचा छळ साडेचारशे वर्षं जुना होता.

ओठांतल्या ओठांत ब्रूटसचं भाषण म्हणून पाहिलं. बरंच आठवलं. 'आय पॉज फॉर अ रिप्लाय'पाशी सवयीने थांबलो. शेजारी मुलगी मोबाइलमध्ये परतीच्या गाडीची वेळ बघत होती. मान वर न करता म्हणाली, "नन, ब्रूटस, नन. बाबा, पाच वाजताची गाडी मिळेल, उठा."