बिल कोणाच्या नावावर?

संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. त्यातल्या काही संस्था वस्ती आणि पाणीखातं यांच्या मधे उभ्या असतात. लोकांचे अर्ज भरून देणं, अभियंत्याला गल्ल्या दाखवणं, वसुली, गळतीच्या तक्रारी, सगळं त्यांच्याकडे. अशा संस्थेची फाइल आली की मी अहवालातले हसरे फोटो भराभर उलटते आणि पाण्याचं बिल शोधते. ते कोणाच्या नावावर निघतं, हे मला आधी बघायचं असतं.

ढाक्याची गोष्ट मला म्हणूनच आवडते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या झोपडपट्ट्यांना ढाका वासाकडून, म्हणजे शहराच्या पाणी प्राधिकरणाकडून, रीतसर जोडणी मिळत नसे. जोडणीला जागेचे कागद लागत आणि ते कोणाकडेच नव्हते. पाणी मिळायचं ते वस्तीतल्या दादांकडून, ते सांगतील त्या दरानं. दुःस्थ स्वास्थ्य केंद्र ही संस्था तेव्हा मधे पडली. जोडणी आमच्या नावावर द्या, बिल थकलं तर आम्हाला धरा, असं तिनं प्राधिकरणाला सांगितलं. मग जमिनीखाली टाकी, वर हातपंप, देखरेखीला बायकांची समिती आणि उभारणीचा खर्च वापरणाऱ्यांकडून हप्त्याहप्त्यानं परत.

टाकी काय, कोणीही बांधेल. संस्थेनं खरं दिलं ते जामीनपत्र. गरीब बिल भरत नाहीत ही समजूत भाषणांनी गेली नसती, ती भरलेल्या पावत्यांनी गेली. पुढे वस्तीतल्या समित्यांना स्वतःच्या नावानं जोडणी मागता येऊ लागली. बिलावरचं नाव संस्थेकडून समितीकडे सरकलं. माझ्या लेखी त्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी नोंद हीच.

कराचीतल्या ओरंगी या वस्तीत तऱ्हा वेगळी. अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला, आणि गटारांच्या कामात संस्थेनं लोकांच्या पैशाला हातच लावला नाही. (माझ्यासारखीला तपासायला काही उरू नये अशी व्यवस्था. तरी मला तिचं कौतुक आहे.) वीस-तीस घरांची एक गल्ली. गल्लीनं आपला एक माणूस निवडायचा, त्यानं वर्गणी जमवायची, पाइप आणायचे, गवंडी लावायचा. संस्था मोजणी करून देई, उतार काढून देई, अंदाजपत्रक हातात ठेवी आणि अवजारं उसनी देई. ठेकेदार नाही आणि रचना सोपी, त्यामुळे खर्च सरकारी कामाच्या मानानं फारच थोडा यायचा. घरातला संडास, गल्लीचं गटार आणि गल्ल्या जोडणारं गटार लोकांनी करायचं. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारनं.

वाटणी कागदावर चोख होती. पण गल्लीचं पाणी शेवटी जायचं कुठे? शहरातल्या नाल्यांत. त्या नाल्यांचे आणि वस्त्यांचे कामाला येतील असे नकाशे सरकारकडे नव्हते, म्हणून संस्थेनं वस्तीतल्याच मुलांना मोजणी शिकवली आणि नकाशे केले. लोकांनी आपल्या खर्चानं किती काम आधीच केलंय, हे अधिकाऱ्यांना त्या नकाशांवर दिसलं. या कामाचा कणा होत्या वास्तुविशारद परवीन रहमान. त्यांनी पुढे बेकायदा हायड्रंट, म्हणजे वाहिनीतून टँकर भरून घ्यायच्या जागा, आणि टँकरचं पाणी कुठून उचललं जातं याचीही नोंद केली. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

टँकरवालाही मधेच उभा असतो, हे विसरून चालत नाही. कुठल्या वाहिनीला किती वाजता दाब येतो, कुठला व्हॉल्व्ह कोण फिरवतं, हे त्यालाही पाठ असतं. फरक इतकाच की तो ते कोणाला सांगत नाही, त्याचं पोट त्यावरच चालतं. पण एखादी संस्था वर्षानुवर्षं घरांची यादी आणि नकाशे स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत असेल, समितीला खात्याचं दारही दाखवत नसेल, तर ती त्याच्याच रांगेत बसली. तिचा हेतू चांगला असेल, पण वस्तीला त्याचा उपयोग काय?

केनियात किसुमूला आणखी एक पद्धत आहे. शहराची पाणी कंपनी वस्तीच्या तोंडाशी मोठा मीटर बसवते आणि स्थानिक गटाला घाऊक दरानं पाणी विकते. पुढच्या घरगुती जोडण्या, वसुली, दुरुस्ती त्या गटाची. मीटरच्या अलीकडे गळलं तर कंपनीचं, पलीकडे गळलं तर गटाचं. खिशाला चटका बसतो म्हणून गटाचा माणूस फुटलेला पाइप बघायला लगेच धावेल, हा त्यातला फायदा. पण कंपनीच्या वहीत गळती कमी दिसली म्हणजे ती थांबलीच असं नाही, काही वेळा ती फक्त दुसऱ्याच्या वहीत गेलेली असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचणारं कोणीतरी हवं. ते कोण, हे बहुतेक करारांत लिहिलेलं नसतं.

या सगळ्यात माझ्या टेबलावरची कुरकुर एकच. पाइपाला खर्चाचं शीर्षक असतं, पावती जोडता येते. खात्याच्या बाकावर अर्धा दिवस बसून सही घेऊन येणाऱ्या कार्यकर्तीचा पगार मात्र ‘प्रशासकीय खर्चा’त जातो. त्या खर्चावर टक्केवारीची मर्यादा असते आणि कपात करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. म्हणजे संस्थेचं जे मुख्य काम, तेच हिशेबात वरखर्च म्हणून दिसतं.

परवा एका संस्थेच्या अंदाजपत्रकात मी वेगळी ओळ घालायला लावली: ‘जोडण्या समित्यांच्या नावे करून देणे’. देणगीदारांकडून विचारणा आली की यातून किती मीटर वाहिनी पडेल. मी ‘शून्य’ असं उत्तर लिहून दिलं आहे. मंजुरी यायची आहे.