डिझेल फिल्टर बदलल्यावर लगेच सेल्फ मारू नका

नवा फिल्टर रिकामा असतो आणि पाईप उघडले की लाईनमध्ये हवा शिरते. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत (यात पंप जास्त दाबाचं डिझेल 'रेल' नावाच्या एका सामायिक नळीत भरतो आणि तिथून ते इंजिनात फवारणाऱ्या इंजेक्टरना जातं) हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे त्यातून वाहणारं डिझेलच. तो कोरडा फिरला तर आतले भाग घासतात, धातूचा कीस रेल आणि इंजेक्टरपर्यंत पोचतो आणि फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. म्हणून डिझेल आधी पंपापर्यंत आणायचं, सेल्फ त्यानंतर.

काम सकाळी, इंजिन थंड असताना करा. मे महिन्यात नागपुरात दुपारी बोनेटखाली हात घालवत नाही, शिवाय गरम एग्झॉस्टवर डिझेल सांडणं धोक्याचं. खाली कापड आणि ट्रे ठेवा, बेल्टवर आणि रबरी होजवर थेंब पडू देऊ नका. जुन्या फिल्टरवरचा पाण्याचा सेन्सर नव्यावर बसवताना ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी रिंग) नवी घ्या, तिला डिझेल लावा. क्लिपचे पाईप 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा आणि मग ओढून बघा.

फिल्टरमध्ये आधी डिझेल भरायचं असेल तर फक्त 'इन'च्या बाजूने. स्पिन-ऑन, म्हणजे डब्यासारख्या फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये कडेची बारीक छिद्रं म्हणजे 'इन'. मधल्या मोठ्या छिद्रात ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं.

आता एअर काढायची. लाईनवर रबरी फुगा किंवा फिल्टरच्या डोक्यावर हँड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबत राहा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप करा आणि लगेच आवळा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी नुसती ऑन करा, मागून गुणगुण ऐकू येईल. ती थांबली की ऑफ. असं पाच-सहा वेळा. मग सेल्फ, एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबून. तीन-चार वेळा मारूनही चालू झाली नाही तर बॅटरी संपवू नका, पुन्हा प्राइम करा, म्हणजे वरच्यासारखंच पंप करून किंवा चावी ऑन-ऑफ करून डिझेल भरा.

नागपुरात वाडी, कळमन्याकडे जुन्या ट्रकवर इंजेक्टरच्या पाईपचे नट सैल करून एअर काढताना दिसतात. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनवर ती रीत बरोबर आहे. कॉमन रेलमध्ये मात्र चालू इंजिनात हजार बारच्याही वर दाब जातो. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. तिथे पाना लावायचाच नाही.

गाडी चालू होऊन मिनिटभरात बंद पडली तर लाईनमध्ये हवा उरली आहे, किंवा कुठून तरी आत येते आहे. फसगत इथेच होते, कारण टाकीकडून ओढणाऱ्या, म्हणजे सक्शनच्या बाजूला गळती असेल तर चालू इंजिनात डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत ओढली जाते. पारदर्शक पाईप असेल तर त्यात बुडबुडे दिसतात. नसेल तर संशय आधी फिल्टरच्या ओ-रिंगवर आणि क्लिपवर घ्या: मुरगळलेली रिंग, अर्धवट बसलेली क्लिप. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी उशिरा चालू होणं आणि दिवसभर ठीक असणं, हेही त्याच गळतीचं लक्षण.